सोलापूरचा गोषा

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा वृत्तान्त लिहिणारे त्याचे बुरूज, खंदक आणि दरवाजे यांचे वर्णन करताना थकत नाहीत. परंतु हाच किल्ला दोन वेळा शाही सोयरिकींच्या बोलण्यात आंदण म्हणून पुढे आला होता, ही गोष्ट ते जाता जाता सांगून मोकळे होतात. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचा निकाह लागला, तेव्हा सोलापूरचा किल्ला वधूबरोबर मिळणार असा निजामशाहीचा दावा होता, आणि तो पदरात न पडल्यामुळे दोन्ही दरबारांत जे वैर पेटले ते पुढील पिढ्यांनाही पुरून उरले. त्यानंतर १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली आणि तिच्या आंदणात किल्ला विजापूरकरांकडे गेला. ज्या स्त्रियांच्या निकाहांवर या मुलुखाची मालकी ठरत होती, त्यांचे मुख येथील रयतेपैकी कोणाच्या दृष्टीस पडले असण्याचा संभव मात्र फारच थोडा.

पडद्यासंबंधी आज जो वाद चालतो त्यात दोन्ही पक्षांना चांदबिबीला साक्षीस बोलावता येईल. १५९५ च्या अखेरीस मोगल शाहजादा मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. पुढे सुरुंगाने तटाला खिंडार पडले आणि शिबंदीचा धीर सुटू लागला, तेव्हा चांदबिबी तोंडावर बुरखा घेऊन आणि हातात नंगी तलवार धरून त्या खिंडारावर येऊन उभी राहिली, असे तिचा समकालीन फिरिश्ता सांगतो. नंतरच्या दख्खनी चित्रकारांनी मात्र तिला उघड्या मुखाने, घोड्यावर बसलेली आणि हातावर ससाणा घेतलेली अशी रंगविली, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी चित्रकारांचाच कौल मानला. इतिहासकाराच्या बुरख्याने तिच्या तलवारीला काही उणेपणा आला होता असे निदान मुरादाच्या फौजेला तरी वाटले नसावे.

पुढे शंभर वर्षांनी सोलापूर जिल्हा मोगल पातशाहीचे फिरते राजधानीस्थान झाला. १६९५ पासून सुमारे चार वर्षे औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे पडली होती; गावाचे नाव त्याने इस्लामपुरी ठेवले. त्या छावणीच्या मध्यभागी पातशहाच्या डेऱ्यांभोवती तांबड्या कापडाच्या कनातींचे जे आवार उभे केले जाई त्यास गुलालबार म्हणत, आणि त्याच्या आत शाही जनाना राहत असे. पातशहाची कन्या झीनतुन्निसा हिच्या देखरेखीखाली जी मंडळी होती, त्यांत छत्रपती संभाजीमहाराजांची राणी येसूबाई आणि किशोरवयातील शाहू हेही होते. मोगल शाहजादी आणि मराठ्यांची महाराणी, एक जेत्यांची आणि दुसरी कैदी, या दोघींनाही कनातीमागे राहणे हे आपल्या कुळाला साजेसेच वाटत असले पाहिजे.

कारण गोषा, म्हणजे पडदा, ही त्या काळी धर्मापेक्षा दर्जाची खूण होती. आपल्या मराठा संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या वाड्यांत विसावे शतक उजाडल्यावरही गोषा कडक पाळला जात होता, पडद्याच्या गाडीवाचून राणीसाहेब बाहेर पडत नसत, आणि बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी तो मोडला तेव्हा त्याची बातमी झाली ती एवढ्याचसाठी. कुणब्याच्या बायकोला मात्र गोषा कधीच परवडला नाही. खुरपणीला जाणारीने पदर खोचावा की तोंड झाकावे? मुसलमानांतही हाच भेद होता. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरात मुसलमानांच्या एकेका जमातीची हकीकत दिली आहे, आणि त्यांतल्या बहुतेक कष्टकरी जमातींच्या स्त्रिया हिंदू बायकांसारखे लुगडे-चोळी नेसतात, चारचौघांत वावरतात आणि घरच्या मिळकतीत भर घालतात, अशा आशयाचे साहेबी ठशाचे वाक्य त्यात पुनःपुन्हा येते. फळांची पाटी घेऊन बसणारी बागवानीण, मागाशेजारी रहाटावर कांड्या भरणारी मोमिनाची बायको, कापूस पिंजणाऱ्या नवऱ्याला हात देणारी पिंजारीण, यांपैकी कोणीही पडदानशीन नव्हती. पडदा सय्यद, इनामदार आणि बऱ्या स्थितीतील व्यापारी यांच्या घरी होता, जेथे पाणी भरायला माणूस होते आणि अंगणाला भिंत होती.

मग बुरखा कष्टकऱ्यांच्या गल्लीत आला कधी आणि कसा? याचे कोणतेही फर्मान नाही, तारीख नाही. १८७७ साली सोलापुरात पहिली सूतगिरणी उभी राहिली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या, आणि रोख पगाराची सवय लागलेल्या घरांनी, जशी परिस्थिती सुधारत गेली तशी, वरच्या घरांची रीत उचलली. मराठ्यांत ज्याला वतनदारी थाट म्हणतात त्याचीच ही मुसलमानी आवृत्ती होती, असा माझा तर्क आहे. गिरणगावात चार भिंतींचा वाडा कोणाला मिळणार? म्हणून वाड्याच्या भिंतीऐवजी कापड आले. प्रथम तो डोक्यावर टोपी आणि डोळ्यांपुढे जाळी असलेला पांढरा बुरखा होता, मग दोन भागांचा काळा बुरखा आला, ज्याचा नकाब हवा तेव्हा मागे टाकता येई, आणि आखाती देशांत नोकरीला माणसे जाऊ लागल्यावर अबाया आला. बेगम पेठेत किंवा विजापूर वेशीत विचारून पाहावे: पणजी लुगड्यात, आजी साडीच्या पदरात, आई काळ्या बुरख्यात आणि नात अबाया घालून कॉलेजात, अशी साखळी पुष्कळ घरांत निघेल. त्यामुळे बुरखा हा मध्ययुगाचा अवशेष आणि लुगडे ही आधुनिकता असा जो सोपा कालक्रम वर्तमानपत्री लेखांत मांडला जातो, तो निदान सोलापुरापुरता उलटा आहे. लुगड्यातली पणजी निरक्षर होती. अबायातली नात पदवीच्या परीक्षेला बसते.

गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा पडद्याचा आणि पोटाचा तिसराच संबंध दिसून आला. पद्मशाली बायकांबरोबर मुसलमान बायकाही बिडीच्या धंद्यात आहेत, आणि तो धंदा घरबसल्या करता येतो हे त्याचे एक कारण आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली पाने. एक पान उचलायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळून टोक दुमडायचे, दोरा मारायचा आणि पंचवीसांची जुडी बांधायची. माल कारखान्यात पोचता करताना बुरखा अंगावर चढतो आणि खराब बिड्या छाट म्हणून बाजूला पडल्या की त्याच बुरख्यातून मुनशीशी जे भांडण होते, ते ऐकणाऱ्याला ‘अबला’ हा शब्द सुचण्याचा संभव नाही.

इंग्रजी राज्याने या रीतीशी कसा व्यवहार केला हेही पाहण्यासारखे आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील १३२ व्या कलमाने, देशाच्या रिवाजाप्रमाणे ज्या स्त्रियांना लोकांसमोर येण्याची सक्ती करू नये त्यांना कचेरीत जातीने हजर राहण्यापासून सूट दिली. पडदानशीन बाईने करून दिलेल्या दस्तऐवजाचा मजकूर तिला खरोखर समजला होता, हे शाबीत करण्याचा बोजा न्यायालयांनी त्या दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्यावर टाकला. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून निधी उभारला तो, पुरुष डॉक्टरापुढे न येणाऱ्या स्त्रिया औषधावाचून मरत होत्या म्हणूनच. सोलापूरच्या डफरीन चौकात रिक्षा थांबविणाऱ्या किती जणांना त्या नावामागे गोषा उभा आहे याची कल्पना असते कोण जाणे. यात परक्या सरकारचे औदार्य नव्हते, रिवाजात हात घालून दंगा ओढवून घेण्याची भीती होती. पण उपाय शहाणपणाचा होता. पडदा सोड, मग औषध देतो, असे त्याने म्हटले नाही.

कापडाच्या बाबतीत तेच सरकार किती आडदांड होऊ शकते, याचा अनुभवही या गावाच्या पदरी आहे. १२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा तिरंगा हाती धरणे हा गुन्हा ठरला आणि गांधी टोपी शिपायांच्या डोळ्यांत खुपू लागली. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी दिली गेली. टोपी मात्र सोलापुरातून गेली नाही, उलट वाढली.

पडद्याचा खरा प्रतिवाद आला तो सरकारकडून नव्हे, समाजाच्या आतून. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. मोर्चाची मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करावे अशी होती. बायकांच्या अंगावरचे वस्त्र पोलिसाने तपासावे अशी नव्हती, आणि हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. पोलिसाच्या हाती हे काम दिले की काय होते ते इराणने दाखविले: १९३६ साली रझाशहाने चादर ओढण्यास बंदी केली तेव्हा शिपाई भर रस्त्यात चादरी फेडू लागले, आणि कित्येक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले; १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच रस्त्यांवर उलटी सक्ती आली, शिपाई तेवढे बदलले.

सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकात सरकारने ५ फेब्रुवारी २०२२ रोजी गणवेशाचा हुकूम काढला आणि वर्गातल्या हिजाबाचा प्रश्न न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने १५ मार्च रोजी हुकूम उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर रोजी परस्परविरुद्ध निकाल दिले. आपल्या राज्यात चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, नकाब आणि टोपीला बंदी केली. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी विद्यार्थिनींचा अर्ज फेटाळला, तर ९ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीपुरती त्या बंदीला स्थगिती दिली, परंतु वर्गात बुरख्याला मुभा दिली नाही. शिकविणाऱ्याला समोरच्याचे तोंड दिसावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. पण वर्गाची गोष्ट वेगळी आणि रस्त्याची, बाजाराची, एस.टी. स्थानकाची वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की सात रस्त्यावरून दुचाकीवर जाणाऱ्या सर्व जातिधर्मांच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ बांधतात. तेवढ्या कापडाला उन्हाचा परवाना आहे आणि शेजारून जाणाऱ्या मुलीच्या कापडाला नाही, असा फरक कोणत्या हवालदाराने करायचा?

घरातून आणि मोहल्ल्यातून सक्ती होते हेही तितकेच खरे आहे, आणि बुरखा ही प्रत्येकीची खुषीच आहे असे म्हणणारे पुढारी निम्मी गोष्ट लपवितात. तथापि जिला नकाबाशिवाय उंबरठा ओलांडू देत नाहीत, तिच्यासाठी बाजारात आणि कॉलेजात नकाबाला मनाई करणे म्हणजे उंबरठ्याच्या आतल्यांचे काम सरकारने करून देणे होय. ओळख पटविण्याची गरज जेथे खरी आहे तेथे मार्ग पूर्वीपासून आहे: १९६१ च्या निवडणूक नियमांत स्त्री-मतदारांच्या मदतीसाठी मतदान केंद्रावर स्त्री-परिचर नेमण्याची तरतूद आहे. ती पडद्याआड चेहरा पाहते, यादीतले नाव जुळविते, बोटाला शाई लागते, आणि नकाब पुन्हा खाली येतो.