एस्टोनियाचा नाताळ : एका कुलाचाराचा इतिहास

इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या लोकांना शतकानुशतके स्वतःचे राज्यच नव्हते, त्यांचा इतिहास शोधावा तरी कोठे? बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा असाच एक चिमुकला देश. तेराव्या शतकात जर्मन व डेनिश धर्मयोद्ध्यांनी तो जिंकला. पुढे स्वीडनचा, आणि १७१० पासून रशियाचा अंमल त्यावर बसला. १९१८ साली तो स्वतंत्र झाला. एवढ्या दीर्घ पारतंत्र्यात या शेतकरी लोकांचे स्वत्व टिकले ते उंबरठ्याच्या आत. आणि त्याची उत्तम साक्ष त्यांचा नाताळ देतो, असे आम्हांस वाटते.

या सणाला ते 'योउलुद' म्हणतात. हे नाव ख्रिस्तावरून आलेले नाही. उत्तरेकडील लोकांच्या ऐन हिवाळ्यातील प्राचीन उत्सवाचे ते नाव होय. १८८८ साली याकोब हुर्ट या धर्मोपदेशकाने लोकगीते व चालीरीती लिहून पाठविण्याचे आवाहन केले, तेव्हा शेकडो गावकऱ्यांनी त्यास प्रतिसाद दिला. अशा नोंदींतून जुन्या नाताळचे चित्र स्पष्ट दिसते. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सारे घर वाफेच्या न्हाणीत स्नान करी. मग घरधनी पेंढ्याचे भारे आत आणून जमिनीवर पसरी. मुले त्यातच खेळत आणि झोपत. मूठभर पेंढा आढ्याकडे उडवावा आणि किती काड्या अडकल्या यावरून येत्या पिकाचा अंदाज बांधावा, अशीही रीत होती. पाद्री सांगत की हा पेंढा बाळ येशूच्या गव्हाणीची आठवण. पण शेतकऱ्याचे मन त्यात पुढील सुगी पाहत असे. जेवणात डुकराचे मांस, आंबवलेला कोबी आणि रक्त व जव आतड्यात भरून केलेला पदार्थ असे. मुख्य म्हणजे जेवण झाल्यावर ताटे उचलीत नसत. रात्री घरचे पितर येतील, तेही जेवतील, या श्रद्धेने अन्न तसेच ठेवीत.

नाताळचे झाड मात्र शेतकऱ्याच्या घरात उशिरा आले. टॅलिनच्या नगरभवनापुढील चौकात व्यापाऱ्यांच्या संघाने १४४१ साली झाड उभारल्याचे सांगतात. ते आजच्या अर्थाने नाताळचे झाड होते काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. खेड्यात ते पोहोचले एकोणिसाव्या शतकात, जर्मन जमीनदारांच्या वाड्यांतून, चर्चमधून आणि शाळांतून. झाड आले आणि पेंढा हळूहळू मागे पडला.

खरी कसोटी पुढेच होती. १९४० साली, आणि पुन्हा १९४४ साली, देश सोव्हिएत सत्तेखाली गेला. मार्च १९४९ मध्ये काही दिवसांत २०,००० हून अधिक माणसे सैबेरियाकडे पाठविण्यात आली. नाताळची सुटी गेली. झाडाला 'नववर्षाचे झाड' म्हणू लागले. भेटी देणारा नाताळबाबा 'नॅरिवाना', म्हणजे नववर्षाचा म्हातारा, झाला. नाताळच्या रात्री चर्चमध्ये कोण जातो यावर पाळत असे. तरी खिडक्यांचे पडदे ओढून कुटुंबे जेवायला बसत; आणि त्याच संध्याकाळी दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावण्याची प्रथा याच काळात सर्वदूर पसरली. सैबेरियात मृत्यू पावलेल्यांची तर थडगीही गावात नव्हती. त्यांची आठवण घरातच राखावी लागे.

या मेणबत्तीत आम्हांस त्या न उचललेल्या ताटांचीच परंपरा दिसते. पूर्वी पितर घरी येत. आता घर पितरांकडे जाऊ लागले. सत्ता झाडाचे नाव बदलू शकली, पण आपल्या मृतांना आठवू नका असा हुकूम तिला अंमलात आणता आला नाही. १९८८ साली नाताळ पुन्हा उघडपणे साजरा झाला, आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य परत आले.

आजही २४ डिसेंबरला एस्टोनियातील बर्फाच्छादित दफनभूमी दिव्यांनी उजळून निघतात, आणि घरी मुले नाताळबाबापुढे कविता म्हणून मगच भेट घेतात. पेंढा गेला, झाड आले, झाडाचे नाव गेले आणि परतही आले. बाह्य रूपे अशी पालटतच राहणार. ज्या आचाराची जबाबदारी घराने उचललेली असते, तो राज्ये पालटली तरी पालटत नाही; लहान राष्ट्रांचे सामर्थ्य मोजताना ही गोष्ट इतिहासकाराने विसरता कामा नये.