परमहंस सभा : प्रवेशविधी

जातिभेद मोडण्यासाठी मुंबईत १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या गुप्त मंडळात नव्या सभासदाला घेण्याचा विधी. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सभेचे प्रेरक, तर राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष होते.

येणाऱ्याने आधी जातिभेद मानणार नाही अशी कबुली द्यायची. मग सर्वांदेखत ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. एवढे झाले की तो सभासद. बैठकीत दादोबांच्या मराठी प्रार्थना म्हटल्या जात आणि निरनिराळ्या जातींचे लोक एका पंगतीला बसत.

त्या तुकड्याचे मोल आज सहज ध्यानात येत नाही. पाव खाल्ला की माणूस बाटला, असे तेव्हा मानत. मग पंगत तुटे, सोयरीक अडे. १८४३ साली श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहून घरी परतला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण अन्नव्यवहार घडला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावर केवढे काहूर उठवले! जातीत परतताना जो विटाळ धुऊन काढावा लागे, तोच परमहंस सभेत शिरताना मुद्दाम पत्करायचा होता. सुधारणेची ही कडक परीक्षाच होती.

मात्र हे सारे बंद दाराआड चाले. संख्याबळ वाढले की उघड व्हायचे, असा बेत होता. ती वेळ आलीच नाही. १८६० च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीला गेले, नावे फुटली आणि सभा मोडली. एकेकाळचे सभासद बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सभेची हकिकत येते.

३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. पुढे गिरगावात त्याचे मंदिर उभे राहिले. समाजाचे काम उघड होते, पण सभासदाने जात सोडलीच पाहिजे अशी अट नव्हती. माणसे टिकली, विधीतली धग मात्र गेली.

उघडपणा आणि जातित्याग या दोन्ही गोष्टी पुढे एकत्र दिसतात त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बौद्ध धम्मदीक्षेत. नागपूरच्या दीक्षेनंतर मुंबईचा समारंभ १६ डिसेंबर १९५६ रोजी व्हायचा होता. त्याआधीच, ७ डिसेंबरला, दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायाला दीक्षा दिली.