बोटचा आयपीओ: कानातला ब्रँड डिमॅटमध्ये घ्यावा का?

संध्याकाळच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत नुसतं लोकांच्या कानांकडे बघा. बोटचे इयरबड्स दिसणारच. म्हणून या कंपनीच्या आयपीओची बातमी आल्यापासून मला एकच प्रश्न सारखा विचारला जातोय: "बड्स वापरतोच आहे, मग शेअर पण घेऊन टाकू का?" चला, घाई न करता समजून घेऊया.

बोटच्या मागे कोण आहे?

बोट हा ब्रँड आहे. मागची कंपनी आहे इमॅजिन मार्केटिंग. ती 2013 मध्ये मुंबईत सुरू झाली. संस्थापक समीर मेहता आणि अमन गुप्ता. यातले गुप्ता 'शार्क टँक इंडिया'मुळे सगळ्यांना माहीत आहेत. सुरुवात झाली चार्जिंग केबलपासून. मग इयरफोन, हेडफोन, स्पीकर, साउंडबार आणि स्मार्टवॉच आले. जानेवारी 2021 मध्ये वॉरबर्ग पिंकस या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने यात 10 कोटी डॉलर घातले.

आयपीओचा हा पहिला प्रयत्न नाही. जानेवारी 2022 मध्ये 2,000 कोटी रुपयांचा मसुदा सेबीकडे गेला होता, पण त्याच वर्षी तो बेत बाजूला ठेवला गेला. एप्रिल 2025 मध्ये कंपनीने गोपनीय पद्धतीने पुन्हा अर्ज केला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 1,500 कोटींचा सुधारित मसुदा समोर आला.

कमाई किती आहे?

- 2022-23: सुमारे 129 कोटी रुपये तोटा
- 2023-24: सुमारे 80 कोटी रुपये तोटा
- 2024-25: सुमारे 61 कोटी रुपये नफा

2024-25 मधली विक्री होती साधारण 3,073 कोटींची. म्हणजे 100 रुपयांच्या विक्रीतून हातात उरले 2 रुपये. 1,500 रुपयांच्या बड्सवर 30 रुपये धरा. विक्री आदल्या वर्षापेक्षा थोडी कमीच होती. त्यामुळे हा नफा जास्त माल खपल्याने आलेला नाही, खर्चाला लगाम घातल्याने आलाय.

स्पर्धा कुठून येते?

तीन बाजूंनी. पहिली म्हणजे नॉइज आणि बोल्टसारखे ब्रँड, ज्यांची किंमत आणि फीचर्स जवळपास सारखीच असतात.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे फोन कंपन्या. रियलमी, वनप्लस, शाओमी फोनच्या ऑफरमध्ये स्वतःचे बड्स देऊ शकतात. केसचं झाकण उघडलं की फोनवर जोडणीचा पॉप-अप येतो, तो त्यांच्याच फोनवर सगळ्यात सहज चालतो. बोटकडे स्वतःचा फोन नाही.

तिसरी बाजू वरून आणि खालून दाबते. वर सोनी आणि जेबीएल, खाली बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनबाहेर मिळणारे बिननावाचे बड्स.

त्यात बाजारही थंडावलाय. आयडीसी या संस्थेच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये भारतातला वेअरेबल्सचा बाजार 11.3 टक्क्यांनी घसरला. वार्षिक घसरण पहिल्यांदाच झाली.

तंत्रज्ञान कोणाचं?

इथे डॉल्बीशी तुलना करून बघा. 1965 मध्ये सुरू झालेली ही कंपनी 2005 पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे. तिची बहुतेक कमाई लायसन्सची. टीव्ही, फोन, साउंडबार बनवणारे तिचं तंत्रज्ञान वापरतात आणि पैसे भरतात. बोटच्या काही आवान्ते साउंडबारवरही डॉल्बी अ‍ॅटमॉस लिहिलेलं असतं. डॉल्बीलाही स्पर्धा आहेच. गूगल आणि सॅमसंगने 2025 मध्ये एक्लिप्सा ऑडिओ हा मोफत फॉरमॅट आणला. पण डॉल्बीच्या हातात पेटंट आहेत.

बोटचं तसं नाही. बड्समधली ब्लूटूथ चिप बाहेरून येते आणि तीच चिप स्पर्धकही विकत घेऊ शकतो. बोटची ताकद आहे नाव, किंमत आणि भराभर नवे मॉडेल आणण्याची सवय. 2022 मध्ये डिक्सनसोबत भारतात उत्पादनासाठी भागीदारी केली, सिंगापूरची काहा ही कंपनी घेतली. हे प्रयत्न चांगले आहेत. तरी नाव टिकवायला जाहिरात सतत करावीच लागते, आणि ती 2 रुपये नफ्याच्या कंपनीला जड जाते.

आयपीओचे पैसे कुठे जाणार?

1,500 कोटींपैकी 1,000 कोटी 'ऑफर फॉर सेल'चे. म्हणजे जुने शेअरधारक आपला हिस्सा विकणार आणि ते पैसे त्यांच्याच खिशात जाणार. कंपनीला मिळणार 500 कोटी. त्यातले 225 कोटी खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे माल आणणं, साठवणं वगैरे, आणि 150 कोटी ब्रँड व मार्केटिंगसाठी ठेवलेत.

मग घ्यायचा का?

माझं मत विचाराल तर नुसत्या नावावर नाही. अर्ज करण्याआधी तीन गोष्टी तपासा:

1. किंमतपट्ट्यावरून कंपनीचं एकूण मूल्य किती होतं ते बघा आणि त्याला वर्षाच्या नफ्याने भागा. समजा मूल्य 10,000 कोटी धरलं, तर 61 कोटींच्या हिशेबाने ते नफ्याच्या 164 पट झालं. एवढं द्यायचं तर नफा वेगाने वाढायला हवा.
2. 2024-25 नंतरच्या तिमाहींत नफा टिकला का? एका वर्षाचा नफा पुरेसा पुरावा नाही.
3. कोण किती हिस्सा विकतंय? हे सेबीच्या साइटवरच्या मसुद्यात फुकट वाचता येतं.

आयपीओचा एक लॉट साधारण 14-15 हजारांचा असतो. एवढ्यात एक बरा फोन येतो. तो घेताना आपण दहा रिव्ह्यू बघतो, मग इथे निदान मसुद्यातली 'जोखीम' आणि 'निधीचा वापर' ही दोन प्रकरणं तरी वाचा. पहिल्याच दिवशी विकून पैसे काढायचे असतील तर तो सट्टा आहे हे मान्य करा आणि फी किंवा ईएमआयचे पैसे त्यात घालू नका.

सूचना: हा लेख माहितीसाठी आहे, गुंतवणुकीचा सल्ला नाही. निर्णय घेण्याआधी सेबी-नोंदणीकृत सल्लागाराशी बोला.