बंगालची नौका आणि घरचा दूधभात

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या महानद्यांच्या गाळातून घडलेला प्रदेश म्हणजे बंगाल. त्याच्या पूर्वभागात पावसाळ्यात शेते आणि वाटा पाण्याखाली जात. दारात बैलगाडी उभी असावी, तशी तेथे घाटावर नाव बांधलेली असे. साहजिकच तेथील व्रतांत, कथांत आणि काव्यांत नौका आली. ती केवळ शोभेची वस्तू नव्हती. घरचे अन्न आणि घरची माणसे तिच्यावर अवलंबून होती.

‘भादुली’ हे भाद्रपदातील व्रतच पाहा. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ च्या ‘बांग्लार ब्रत’ या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. मुली व सुना तांदळाच्या पिठाने नद्या, समुद्र आणि नावा रेखाटीत. व्यापाराला गेलेले पिता, बंधू व पती सुखरूप परत यावेत, हेच त्यांचे मागणे असे.

मनसादेवीच्या कथेत चांद सौदागराची व्यापारी गलबते देवीच्या कोपाने बुडतात. पुढे त्याचा मुलगा लखिंदर लग्नाच्या रात्रीच सर्पदंशाने मरतो. त्याची पत्नी बेहुला पतीचे शव घेऊन केळीच्या खांबांच्या तराफ्यावर एकटीच निघते. देवसभेत नृत्य करून ती पतीचे प्राण परत मिळवते आणि सासऱ्याची बुडालेली गलबतेही सोडवून आणते. आपल्या सावित्रीची आठवण व्हावी अशीच ही कथा आहे.

भारतचंद्र रायांनी १७५२ च्या सुमारास ‘अन्नदामंगल’ रचले. त्यात साक्षात अन्नपूर्णा ईश्वरी पाटनीच्या होडीतून नदी ओलांडते. तिचे पाय लागताच होडीतील पाणी उपसण्याचे लाकडी पात्र सोन्याचे होते. देवी वर मागावयास सांगते, तेव्हा तो गरीब नावाडी राज्य मागत नाही. माझ्या मुलाबाळांना दूधभात मिळावा, एवढेच तो मागतो.

हा दूधभात नौकेवर किती अवलंबून होता, हे १९४२ साली दिसले. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले होते. नावा शत्रूच्या हाती पडू नयेत, म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनारी भागातून दहा किंवा अधिक माणसे वाहून नेणाऱ्या हजारो नावा काढून घेतल्या, कित्येक मोडून टाकल्या. कोळ्यांची मासेमारी बसली. बेटांवरील शेतांत जाणे आणि धान्य बाजारात नेणे अवघड झाले. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळ झाले आणि युद्धामुळे भाव भडकले. १९४३ च्या दुष्काळास अशी अनेक कारणे होती. नावा जाणे हे त्यांतील एक. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली, असे पुढील अभ्यासक मानतात.

म्हणून बंगाली कथेत कोठे नाव दिसली, तर तिच्यामागे एक चूल आहे आणि काठावर वाट पाहणारी कोणी स्त्री आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.