प्लंडर
पॅथे कंपनीची 15 भागांची अमेरिकन मूक चित्रपटमालिका. ती 1923 मध्ये प्रदर्शित झाली. दिग्दर्शक जॉर्ज बी. साइट्झ; नायिका पर्ल व्हाइट. न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीखाली दडलेल्या खजिन्यासाठी नायिका व खलनायक यांच्यात चाललेली चढाओढ हे कथासूत्र. गुप्तधन म्हटले की ओसाड बेट किंवा पडका किल्ला आठवतो. येथे ते भर शहरात, लोकांच्या पायाखाली आहे, आणि हीच या कथेची खरी गंमत. दर आठवड्याचा भाग नायिकेचा जीव टांगणीला लावून संपे. सुटका पाहायची तर पुन्हा तिकीट काढणे आले.

मालिकेला एका मृत्यूची दुःखद किनार आहे. ऑगस्ट 1922 मध्ये व्हाइटऐवजी साहसदृश्य करणारा जॉन स्टीव्हन्सन याने धावत्या बसच्या टपावरून उन्नत रेल्वेच्या लोखंडी सांगाड्याकडे झेप घेतली. पकड हुकली, डोक्याला मार लागून तो दगावला. आपली सगळी साहसे व्हाइट स्वतःच करते, या लाडक्या समजुतीलाही या अपघाताने तडा गेला. सहनायक वॉरन क्रेक पुढे वॉरन विल्यम या नावाने बोलपटांत गाजला. व्हाइटची ही अखेरची मालिका.