रस्त्याचा पैसा आणि वाटसरूचा जीव

मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या महामार्गावर, रोहा तालुक्यांत, अंबा नदीच्या कांठीं नागोठणें हें गांव आहे. गांवालगत नदीवर एक जुना दगडी पूल आहे. आजचा रायगड जिल्हा तेव्हां कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्या जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरांत या पुलाचें वर्णन आलें आहे. लांबी ४८० फूट, उंची १९ फूट, आणि दोन कठड्यांमधील रुंदी अवघी ९ फूट ९ इंच. चौलच्या काजी अल्लाउद्दीन यांनीं तो १५८२ च्या सुमारास ३ लक्ष रुपये खर्चून बांधला, अशी समजूत त्या ग्रंथांत नमूद आहे. त्या पुलाच्या निमित्तानें एका जुन्या प्रश्नाचा मागोवा आज घ्यावयाचा आहे. रस्ता बांधण्यास पैसा लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या रस्त्यानें जाणारा मनुष्य सुखरूप घरीं पोंचावा यासाठींही पैसा लागतो. तो कोणीं द्यावयाचा?

काजीसाहेबांच्या काळीं पूल, विहीर, धर्मशाळा हीं पुण्याचीं कामें होतीं. दाता एकदां देई. पुढील डागडुजीची तरतूद त्या दानांत असेच असें नाहीं. इंग्रजी अमदानींत दानाची जागा करानें घेतली. मुंबई इलाख्यांत १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें १ आणा लोकल फंड घेण्यास आरंभ झाला, आणि १८६९ च्या कायद्यानें त्यास पक्कें स्वरूप आलें. त्या आण्याचे तीन भाग करीत. दोन रस्त्यांकडे जात व एक शाळांकडे. माझें आयुष्य शाळेंत गेलें, म्हणून हा हिशेब माझ्या विशेष ध्यानांत राहिला आहे. शेतकऱ्याच्या ज्या आण्यांतून गांवची शाळा चालली, त्याच आण्यांतून गांवाबाहेरची सडकही झाली. पुढें १८७५ च्या कायद्यानें रस्त्यांवर व पुलांवर टोल घेण्याची सोय झाली.

त्या काळीं नागोठणें हें बंदर होतें. महाबळेश्वरास जाणारे मुंबईकर जलमार्गानें येथें उतरत आणि महाड, पोलादपूर या वाटेनें घाट चढत. बैलगाडीच्या वेगानें जीवावरचे प्रसंग थोडेच येत. त्यामुळें रस्त्याचा पैसा म्हणजे खडी, मुरूम आणि मोरी, हाच अर्थ लोकांच्या व सरकारच्याही मनांत रुजला.

मोटार आली आणि हा हिशेब बिघडला. शेतकऱ्याच्या साऱ्यांतून बांधलेल्या सडका शहरांतील धनिकांच्या मोटारी उखडूं लागल्या. तेव्हां १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली. तिचा अहवाल १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. जयकरांचें म्हणणें सरळ होतें: जो रस्ता वापरतो व झिजवतो, त्यानें त्याचा खर्च सोसावा, आणि तो पैसा वेगळ्या थैलींत ठेवावा. त्याप्रमाणें १९२९ च्या मार्चमध्यें पेट्रोलवरील कर गॅलनमागें ४ आण्यांवरून ६ आण्यांवर नेण्यांत आला, आणि वाढीव २ आण्यांतून मध्यवर्ती रस्ता निधि उभा राहिला.

एका मराठी कायदेपंडिताचा हा उपकार लहान नव्हे. तथापि त्या थैलीवर नांव होतें तें रस्त्याचें. रस्त्यावरील माणसाचें नव्हतें. वाहन हांकण्याचा परवाना, वेगाची मर्यादा, इतरांस होणाऱ्या इजेसाठीं विमा, हे विषय १९३९ च्या मोटार कायद्यांत आले, आणि विम्याची सक्ती १९४६ च्या जुलैपासून अमलांत आली. हें सारें योग्यच होतें. परंतु कायदा पाळवून घेण्यास शिपाई लागतो, शिपायास वाहन लागतें, जखमीस रुग्णालय लागतें. या गोष्टींसाठीं निराळी थैली कोणीं शिवली नाहीं.

जयकरांचा अहवाल ज्या वर्षीं निघाला, त्याच १९२८ सालीं महाडजवळ सावित्री नदीवर पूल बांधला गेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत तो कोसळला, एस. टी. च्या दोन गाड्या व इतर वाहनें वाहून गेलीं, आणि कित्येक घरांतील माणसें परतलीं नाहींत. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. बांधण्यास पैसा व उत्साह दोन्हीं मिळतात, याची ही साक्ष आहे. पावसाळ्याच्या रात्रीं पुलावर पाळत ठेवणें हें काम मात्र डोळ्यांत भरणारें नाहीं, आणि त्याच्या कोनशिलेवर कोणाचें नांव कोरलें जात नाहीं.

नव्या शतकांत जयकरांची थैली पुन्हां शिवली गेली. २००० सालीं मध्यवर्ती रस्ता निधीचा कायदा झाला व पेट्रोल-डिझेलवरील उपकर त्यांत जमूं लागला. २००७ सालीं सुंदर समितीनें सुचविलें, कीं त्या उपकरांतील निदान शेंकडा १ भाग रस्तासुरक्षेसाठीं राखावा. रुपयांतील एक पैसा! त्या समितीच्या शिफारशींवरून २०१० सालीं लोकसभेंत आलेलें विधेयक कायदा होऊं शकलें नाहीं. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें कांहीं मार्ग मोकळा केला. रस्त्याच्या सदोष रचनेमुळें मृत्यु वा अपंगत्व आल्यास ठेकेदार वा जबाबदार अधिकाऱ्यास १ लक्ष रुपयांपर्यंत दंड, आणि तो दंड अपघातनिधींत, अशी तरतूद झाली. मे २०२५ मध्यें अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लक्ष रुपयांचे उपचार रोकड न भरतां मिळण्याची योजना जाहीर झाली.

तरीही २०२२ या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. नागोठण्यावरून जाणाऱ्या पनवेल-इंदापूर महामार्गाचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें आणि दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळलें. अर्धवट रस्त्यावर दिवा, इशाऱ्याची पाटी व पहारेकरी यांची गरज पुऱ्या रस्त्याहून अधिक असते; हा खर्च काम संपल्यावर करून भागत नाहीं.

इतिहासाचा धडा असा, कीं ज्या कामाच्या नांवानें पैसा वेगळा काढला जातो, तें काम होतें. ज्याचें नांव थैलीवर नसतें, तें उरल्या पैशावर जगतें. एका आण्यांतील तिसरा हिस्सा शाळेच्या नांवानें ठेवला, म्हणून खेड्यापाड्यांत शाळा चालल्या. नव्या रस्त्याच्या पाटीवर लाखांचे आंकडे वाचतांना आपण नागरिकांनीं एवढेंच विचारावें: यांत दिव्याचा, पहाऱ्याचा व रुग्णवाहिकेचा वाटा किती? हा प्रश्न विचारण्यास कांहीं खर्च येत नाहीं.