हलक्या व्हिस्कीचे फ्रेंच मूळ

गेल्या नाताळात आम्हां चार मित्रांची बैठक जमली, तेव्हा जहाजावर नोकरी करणाऱ्या एकाने फ्रान्सहून आणलेली व्हिस्कीची बाटली पुढ्यात ठेवली. कोन्याक आणि शँपेनच्या देशाची व्हिस्की! ब्रिटनी प्रांतातल्या लानियों गावची ही व्हिस्की माल्ट व धान्य अशा दोन्ही व्हिस्क्यांच्या मिश्रणाची होती. रंग फिकट, घशाखाली उतरताना जाळ नाही. पिणे सोडून दहा वर्षे झालेल्या आमच्या मित्राने नुसता पेला हुंगून सांगितले, "पिकलेली नाशपती." वयाने वडील असलेले गृहस्थ मात्र पहिल्याच घोटाला उद्गारले, "स्कॉचची नक्कल, आणि तीही पातळ!" हा आक्षेप आम्हांला बोचला. घरी परतल्यावर आम्ही इतिहासाची पाने चाळली.

व्हिस्कीवर स्कॉटलंडचा हक्क जुना, हे मान्यच. 1494 सालच्या तेथील राजाच्या हिशेबवहीत जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला 'जीवनजल' काढण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे. परंतु हलकेपणाची कथा वेगळी. तांब्याच्या भट्टीत एक घाणा उतरला की भांडे रिकामे करून दुसरा भरावा लागतो. उभ्या स्तंभाच्या भट्टीत मात्र आंबवण ओतत राहावे, खालून वाफ चढत राहते आणि सौम्य मद्यार्क अखंड बाहेर पडतो. धान्याची व्हिस्की होते ती याच भट्टीत. एनिअस कॉफी या आयरिश अबकारी अधिकाऱ्याने 1830 साली तिचे पेटंट घेतले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पण अखंड ऊर्ध्वपातनाच्या यंत्राचे पेटंट सेलिए-ब्ल्युमेंताल याने फ्रान्समध्ये 1813 सालीच घेतले होते! मग नक्कल कोणी कोणाची केली?

1860 साली ब्रिटिश कायद्याने कर भरण्यापूर्वी गोदामातच माल्ट व धान्य व्हिस्की मिसळण्यास मुभा दिली. मिश्र व्हिस्की स्वस्त झाली. तिला मोठे गिऱ्हाईक मिळण्यास मात्र फ्रान्सचे दुर्दैव कारणी लागले. 1860 च्या दशकात अमेरिकी वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा कीटक दक्षिण फ्रान्समध्ये शिरला. वेली सुकत, शेतकरी पाने तपासत, अन् शत्रू मुळांशी बसलेला! 1868 साली मोंपेलिएच्या प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. पुढे कोन्याकचे मळेही उजाड झाले. ब्रँडी दुर्मीळ झाली आणि लंडनच्या बड्या घरांतून तिच्या जागी सोडा घातलेली स्कॉच आली. अखेर अमेरिकी खुंटावर युरोपी वेलीचे कलम बांधून मळे सावरले. आमच्या नाशिककर बागायतदारांना खुंटाची ही भाषा समजावून सांगायला नको. द्राक्षे परतली, पण व्हिस्कीने घेतलेली जागा काही सोडली नाही.

ब्रिटनी हा सफरचंदांच्या मद्याचा, केल्टिक भाषेचा मुलूख. लानियों येथे 1900 साली लेओं वारेंगेम याने आसवणी काढली ती वनौषधींच्या मद्यासाठी. गिल लेझूर यांच्या काळात, 1987 साली, तेथून पहिली ब्रेटन मिश्र व्हिस्की निघाली आणि 1998 साली 'आर्मोरिक' ही सिंगल माल्ट. 2015 साली 'ब्रिटनीची व्हिस्की' या नावाला भौगोलिक मानांकनही लाभले. फ्रेंचांना व्हिस्कीचे वावडे नाहीच. स्कॉचच्या बाटल्यांच्या आयातीत भारताने त्यांना मागे टाकले ते 2022 साली: आपल्या 21 कोटी 90 लाख, त्यांच्या 20 कोटी 50 लाख. या आकड्याचा अभिमान बाळगावा की काळजी करावी, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

पुढच्या बैठकीत ही सारी हकीकत आम्ही वडील गृहस्थांना ऐकवली. "पातळ ती पातळच," ते म्हणाले. 'नक्कल' हा शब्द मात्र त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. न पिणाऱ्या मित्राने त्यांचा रिकामा पेला नाकाशी धरला. "आता सफरचंद," तो म्हणाला, आणि आपले कोकम सरबत त्याने पुढे ओढले.